यासेनोव्हात्सचा आकडा: सात लाख की ऐंशी हजार, आणि ब्लायबुर्गचं काय

प्रश्न असा आहे की दुसऱ्या महायुद्धात युगोस्लाव्हियातल्या यासेनोव्हात्स छावणीत नक्की किती माणसं मारली गेली? सर्ब सात लाख म्हणतात, क्रोएट ऐंशी हजार म्हणतात, काहीजण त्याहून कमी सांगतात, मग कमी आकडा सांगणारा मारेकऱ्यांची बाजू घेतोय असं समजायचं का? आणि १९४५ मध्ये ऑस्ट्रियाच्या हद्दीवरच्या ब्लायबुर्गला कम्युनिस्टांनी क्रोएट मारले त्याचं काय?

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. यासेनोव्हात्समध्ये मारल्या गेलेल्यांचा विश्वासार्ह अंदाज ८० हजार ते १ लाख यादरम्यान आहे. सात लाख ही संख्या कुठल्याही मोजणीतून आलेली नाही. पण ८० हजार म्हणणारा आपोआप प्रामाणिक आणि सात लाख म्हणणारा आपोआप खोटारडा असंही नाहीये, कारण सात लाख म्हणणाऱ्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचं अख्खं घर तिथे संपलं होतं आणि त्यांना शाळेत, सभेत, पेपरात चाळीस वर्षं तोच आकडा सांगितला गेला होता. खरी गोष्ट या दोन आकड्यांच्या मधे जे घडलं त्यात आहे म्हणून जरा लांब लिहितेय.

मी लोकसंख्याशास्त्रातली. देवनारच्या संस्थेत शिकले, पुढे बरीच वर्षं युद्धात आणि दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज काढायचं, म्हणजे नोंदी नसताना किती माणसं गेली ते शोधायचं काम केलं. आमच्या क्षेत्रात युगोस्लाव्हियाची केस सगळ्यांना अभ्यासावीच लागते, कारण मेलेल्यांची मोजणी कशी करावी आणि कशी करू नये या दोन्हींची उदाहरणं तिथे एकाच देशात मिळतात.

आपल्याकडे युगोस्लाव्हिया म्हटलं की टिटो, नेहरू, नासर, अलिप्त राष्ट्रं एवढंच आठवतं, आणि मग एकदम १९९२ चं बोस्निया. मधलं कोणी सांगत नाही. ६ एप्रिल १९४१ ला जर्मनीने हल्ला केला, अकरा दिवसांत देश कोसळला. त्याआधीच १० एप्रिलला झाग्रेबमध्ये ‘स्वतंत्र क्रोएशिया’ जाहीर झाला, त्यात आजचा क्रोएशियाचा बराचसा भाग आणि अख्खं बोस्निया-हर्झेगोव्हिना होतं, सत्ता अँटे पावेलिचच्या उस्ताशा या कट्टर क्रोएट फॅसिस्ट संघटनेकडे. या राज्यात साधारण साठ-पासष्ट लाख लोक, त्यातले जवळपास एक तृतीयांश ऑर्थोडॉक्स सर्ब. उस्ताशांना ते नको होते. काहींना हाकललं, काहींना जबरदस्तीने कॅथलिक केलं, आणि फार मोठ्या संख्येने मारलं, ज्यू आणि रोमा (म्हणजे जिप्सी) लोकांना तर जवळजवळ मुळापासून उपटलं. बाकीच्या युगोस्लाव्हियाचे जर्मनी, इटली, हंगेरी, बल्गेरियाने तुकडे करून घेतले. सर्ब राजेशाहीवाले चेटनिक आणि टिटोचे कम्युनिस्ट पार्टिझान हे दोघं सुरुवातीला जर्मनांविरुद्ध उठले आणि लवकरच एकमेकांविरुद्ध लढायला लागले. म्हणजे परकीय आक्रमण आणि त्याच्या पोटात चाललेलं यादवी युद्ध असं ते सगळं एकत्र होतं. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलेलं होतं, आणि १९४५ नंतर दोघांच्या घरच्यांना त्याच गावात राहायचं होतं.

यासेनोव्हात्स हे सावा आणि उना नद्यांच्या संगमावरचं गाव, झाग्रेबपासून शंभरेक किलोमीटर. ऑगस्ट १९४१ पासून एप्रिल १९४५ पर्यंत तिथे छावण्यांची साखळी होती, मुख्य छावणी वीटभट्टीच्या जागी, एक कातडी कमावण्याच्या कारखान्यात, आणि स्तारा ग्रादिश्काच्या जुन्या तुरुंगात बायका-मुलांची. नदीपलीकडे दोन्या ग्रादिनाला नेऊन मारायचे. पोलंडमधल्या जर्मन छावण्यांसारखी यंत्रणा इथे नव्हती, इथे हातोडे, सुऱ्या, कुऱ्हाडी वापरल्या, शिवाय उपासमार आणि टायफस. छावणी चालवणारे जर्मन नव्हते, स्थानिक उस्ताशा होते, आणि नंतरच्या सगळ्या वादाला जो इतका कडवटपणा आला तो बराचसा यामुळे. २२ एप्रिल १९४५ ला शेवटच्या कैद्यांपैकी सुमारे सहाशे जणांनी दार फोडून पळायचा प्रयत्न केला, शंभरसुद्धा वाचले नाहीत. उस्ताशांनी जाताना इमारती उडवल्या, कागदपत्रं जाळली. त्यामुळे रजिस्टर काढून बघू या म्हणायची सोय पहिल्या दिवसापासून नव्हती.

आता सात लाख कुठून आले. युद्ध संपल्यावर भरपाई मागण्यासाठी नव्या सरकारने आंतरराष्ट्रीय पातळीवर सांगितलं की आमची १७ लाख माणसं मेली. हा आकडा आधी जाहीर झाला, आधार नंतर शोधला गेला. १९४७ साली सांख्यिकी कार्यालयात काम करणाऱ्या गणिताच्या एका विद्यार्थ्याला, व्लादेता वुचकोविच त्याचं नाव, हिशोब करून द्यायला सांगितलं. पुढे तो अमेरिकेत गणिताचा प्राध्यापक झाला आणि त्याने स्वतः लिहून ठेवलं की आपण काढलेला १७ लाखांचा आकडा लोकसंख्येतल्या एकूण तुटीचा होता, मेलेल्या माणसांचा नव्हता.

हा फरक नीट समजून घ्या कारण अख्खा वाद इथे अडकलाय. समजा एका गावात युद्धाआधी हजार माणसं होती आणि नेहमीच्या वाढीने युद्धानंतर ती बाराशे व्हायला हवी होती, पण मोजली तेव्हा हजारच भरली. तर दोनशेची तूट आहे. याचा अर्थ दोनशे लोक मारले गेले का? नाही. काही मारले गेले, काही गाव सोडून गेले, आणि काही मुलं जन्मालाच आली नाहीत कारण नवरा आघाडीवर होता किंवा लग्नंच झाली नाहीत. युगोस्लाव्हियात तर लाखो जर्मनभाषिक आणि इटालियन लोक १९४४ नंतर गेले किंवा घालवले गेले, ते सगळे या तुटीत बसतात. न जन्मलेलं मूल आणि छावणीत मारलेलं मूल एकाच रकान्यात टाकलं की १७ लाख होतात. आणि एकदा देशाचे १७ लाख ठरले की मग वाटणी सुरू, त्यातले सर्वात मोठ्या छावणीच्या नावावर किती, तर सहा-सात लाख. अशा तऱ्हेने तो आकडा पाठ्यपुस्तकात गेला.

असंच क्रागुयेव्हात्सला झालं. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनांनी एका मेलेल्या सैनिकामागे शंभर या हिशोबाने सर्बियातल्या या शहरात लोकांना गोळ्या घातल्या, त्यात शाळेतली मुलंसुद्धा होती. अनेक दशकं सात हजार सांगितलं जायचं. नावं शोधल्यावर तो आकडा २८०० च्या आसपास आला. आता २८०० म्हणजे काही कमी आहे का? एका शहरातल्या एवढ्या माणसांना काही दिवसांत मारलं यात कमी-जास्त करण्यासारखं काय आहे मला कधी कळलं नाही, पण आकडा खाली आला की गुन्हा लहान झाला असं वाटतं लोकांना, आणि ही भीती सगळीकडे असते.

नंतरचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साठच्या दशकात पश्चिम जर्मनीशी भरपाईची बोलणी चालली होती आणि त्यासाठी नावानिशी यादी हवी होती. म्हणून १९६४ ला युगोस्लाव्हियाने युद्धबळींची खरीखुरी शिरगणती केली, घरोघर माणसं पाठवून, कोण गेलं, कुठे गेलं, कोणी मारलं. सरकारला वाटत होतं १७ लाखांवर शिक्कामोर्तब होईल. निघाली ५,९७,३२३ नावं. यासेनोव्हात्स आणि स्तारा ग्रादिश्का मिळून साधारण ५९ हजार. यात उस्ताशा, चेटनिक वगैरे शत्रूपक्षातले मेलेले धरलेलेच नव्हते, आणि करणाऱ्यांचा स्वतःचा अंदाज होता की जे धरायला हवे होते त्यातलेही सगळे सापडले नाहीत, पण तरी १७ लाखांपासून हे फारच लांब होतं. मग सरकारने काय करावं? यादी बासनात गुंडाळून ठेवली. पंचवीसेक वर्षं ती लोकांसमोर आलीच नाही, देश फुटायच्या वेळेला बाहेर आली.

जरा विचार करा, सहा लाख नावं कपाटात आहेत, ज्यांच्या घरच्यांनी ती स्वतः सांगितली आहेत, आणि बाहेर व्यासपीठावरून मात्र गोल आकडा चालू आहे. माझ्या मते युगोस्लाव्हियाच्या या भांडणाचं मूळ इथे आहे. लोकांच्या आठवणी एकमेकांशी जुळत नव्हत्या हे कुठल्याही यादवी युद्धानंतर होणारच होतं. पण त्या आठवणी ज्याच्याशी पडताळून बघता आल्या असत्या तो कागदच सरकारने लपवला. मग प्रत्येकाकडे उरलं ते आजोबांनी चुलीपाशी हळू आवाजात सांगितलेलं आणि सरकारने मोठ्याने सांगितलेलं, आणि दोन्हींचा मेळ नाही.

बरं, सरकारचा हेतू अगदीच वाईट होता असंही म्हणवत नाही. ‘बंधुत्व आणि एकता’ ही टिटोच्या राज्याची घोषणा होती आणि ज्या लोकांनी एकमेकांचे गळे कापले त्यांना एका देशात ठेवायचं होतं. म्हणून स्मारकांवर मेलेले कोण ते लिहायचं नाही, सगळे ‘फॅसिझमचे बळी’, मारणारे कोण तेही नाही, ‘फॅसिस्ट आणि देशी गद्दार’. हर्झेगोव्हिनातलं प्रेबिलोव्त्सी हे सर्ब गाव, ऑगस्ट १९४१ मध्ये तिथल्या शेकडो बायका-मुलांना उस्ताशांनी शुर्मांत्सीजवळच्या खोल कपारीत ढकलून मारलं. पुढे कम्युनिस्ट राजवटीत त्या कपारीचं तोंड काँक्रीट ओतून बंद केलं गेलं. हाडं आतच. गावातल्या उरलेल्यांनी ती बाहेर काढून विधिवत पुरली ती थेट १९९१ ला, आणि पुढच्याच वर्षी नव्या युद्धात ते स्मारकही उद्ध्वस्त झालं. क्रोएशियातल्या ग्लिनाच्या चर्चमध्ये सर्बांची कत्तल झाली होती, त्या जागेवर उभारलेल्या स्मृतिभवनाचं नाव १९९५ नंतर बदलून ‘क्रोएशियन भवन’ केलं गेलं. म्हणजे आधी एका राजवटीने मेलेल्यांची जात पुसली, मग दुसरीने मेलेलेच पुसले.

आकड्यावर पहिलं धड काम सरकारबाहेरच्या दोन माणसांनी केलं. बोगोल्युब कोचोविच हा परदेशात राहणारा सर्ब. त्याने १९३१ आणि १९४८ ची खानेसुमारी घेऊन हिशोब केला आणि १९८५ ला लंडनमध्ये छापला: एकूण तूट १९ लाख ८५ हजार, पण प्रत्यक्ष मृत्यू सुमारे १० लाख १४ हजार, त्यातले सर्ब ४ लाख ८७ हजार. व्लादिमिर झेर्याविच हा झाग्रेबचा क्रोएट. त्याने स्वतंत्रपणे काम करून १९८९ ला छापलं: तूट २० लाख २२ हजार, प्रत्यक्ष मृत्यू १० लाख २७ हजार, त्यातले सर्ब ५ लाख ३० हजार. त्याच्या हिशोबात तुटीतले सुमारे ६.७ लाख देश सोडून गेलेले आणि सव्वातीन लाखांच्या आसपास न झालेले जन्म.

परत वाचा. एक सर्ब, एक क्रोएट, वेगवेगळ्या देशांत बसून, आणि उत्तरात फरक तेरा हजारांचा. शिवाय सर्बांचे मृत्यू क्रोएट माणसाने सर्ब माणसापेक्षा जास्त दाखवले आहेत. मी विद्यार्थ्यांना शिकवताना इथे मुद्दाम थांबते, कारण ‘तो आपल्या माणसांच्याच बाजूने मोजणार’ असं जे गृहीत धरलं जातं ते इथे कोसळतं. दोघांनाही आपापल्या लोकांकडून शिव्या पडल्या हे वेगळं सांगायला नको.

तरी हे आकडेसुद्धा दगडावरची रेघ नाहीत. १९३१ च्या खानेसुमारीत लोकांचा धर्म आणि मातृभाषा विचारली होती, सर्ब की क्रोएट हे विचारलंच नव्हतं. म्हणून ऑर्थोडॉक्स म्हणजे सर्ब, कॅथलिक म्हणजे बहुधा क्रोएट असं धरावं लागतं. १९४८ ला बोस्नियातल्या मुसलमानांना सर्ब-मुसलमान, क्रोएट-मुसलमान किंवा काहीच नाही असं लिहायचं होतं, बहुतेकांनी काहीच नाही लिहिलं. मधे सीमा बदलल्या. जन्मदर किती धरायचा यावर एकूण उत्तर लाखाने इकडेतिकडे होतं. देशाच्या एकूण मृत्यूंचा अंदाज या पद्धतीने चांगला येतो, गटवार थोडा सैल येतो, आणि एका विशिष्ट छावणीचा तर खानेसुमारीतून येतच नाही. झेर्याविचने यासेनोव्हात्ससाठी सांगितलेला ८० हजारांच्या थोडा वरचा आकडा त्याने बाकीचे मृत्यू वजा करत, अंदाज बांधत काढलेला आहे, तिथे त्याच्यावर केलेली टीका काही अंशी रास्त आहे.

म्हणून छावणीसाठी नावंच लागतात. यासेनोव्हात्स स्मृतिस्थळाने वेगवेगळे स्रोत एकत्र करून यादी केली, २०१३ पर्यंत तिच्यात ८३,१४५ नावं होती: ४७,६२७ सर्ब, १६,१७३ रोमा, १३,११६ ज्यू, ४,२५५ क्रोएट, बाकीचे इतर. चौदा वर्षांच्या आतली मुलं २०,१०१. हे परत वाचलं तरी हात थांबतो. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमचा अंदाज ७७ हजार ते ९९ हजार असा आहे.

यादी म्हणजे खालची मर्यादा हे मात्र विसरू नका. नाव सांगायला कोणीतरी जिवंत असावं लागतं. रोमा वस्त्या लहानथोरांसकट उचलून नेल्या, परत कोणी आलंच नाही, १९६४ ला दारावर गेलेल्या माणसाला सांगणार कोण? त्या शिरगणतीत रोमा फार कमी सापडले, नंतरच्या यादीत वाढले, आणि माझी खात्री आहे की अजूनही पुरे नाहीत. उलट बाजूने यादीत चुकाही आहेत, एखादा दुसरीकडे मेला, एखादं नाव दोन स्पेलिंगने दोनदा आलं. यादी सार्वजनिक असल्यामुळेच या चुका सापडतात, दुरुस्त होतात. सात लाखांतली एक चूक मला कोणी दाखवावी, दाखवताच येणार नाही, कारण तिथे तपासायला नावच नाही.

डायना बुदिसाव्हल्येविचबद्दल इथे सांगायलाच हवं. झाग्रेबमधली ऑस्ट्रियन बाई, नवरा सर्ब डॉक्टर. १९४२ च्या उन्हाळ्यात कोझारा डोंगराळ भागातून हजारो सर्ब शेतकरी कुटुंबं छावण्यांत आणली गेली. हिने ओळखीपाळखीच्या लोकांना गोळा करून तिथली मुलं बाहेर काढली, क्रोएट घरांत, संस्थांमध्ये ठेवली, आणि प्रत्येक मुलाचं कार्ड केलं, नाव, गाव, आईबाप, कुठे ठेवलंय, म्हणजे युद्धानंतर घरच्यांना परत देता येईल. सुमारे बारा हजार कार्डं. मे १९४५ मध्ये नव्या सरकारच्या गुप्तचर खात्याने ती कार्डं तिच्याकडून काढून घेतली. तिला कोणी विचारलं नाही, अनेक मुलं मोठी झाली ती आपण कोण हे न कळता, आणि तिचं नाव लोकांना कळलं ते २००३ ला तिची डायरी छापली गेल्यावर. तिच्या गोष्टीत सर्ब मुलं आहेत, ती सांभाळणारी क्रोएट घरं आहेत, मारणारे उस्ताशा आहेत आणि कार्डं नेणारे कम्युनिस्ट आहेत, त्यामुळे कुठल्याच बाजूच्या भाषणात ती नीट बसत नव्हती. माझ्यासारख्या नोंदींवर जगणाऱ्या माणसाला तिच्याबद्दल जे वाटतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

आता ब्लायबुर्ग. मे १९४५ च्या मध्यात पराभूत उस्ताशा, क्रोएशियाचे सक्तीने भरती केलेले सैनिक, त्यांच्या मागे निघालेली सामान्य माणसं असा प्रचंड लोंढा ऑस्ट्रियाच्या हद्दीवरच्या ब्लायबुर्गला पोचला. ब्रिटिशांनी त्यांची शरणागती घेतली नाही, पार्टिझानांकडे जा म्हणाले. तिथून त्यांना पायी परत हाकललं, वाटेत आणि स्लोव्हेनियातल्या खंदकांत, खाणींत खटल्याशिवाय मारलं. जर्मनांच्या बाजूने लढलेले स्लोव्हेनियाचे होमगार्ड आणि काही चेटनिकही मारल्या गेलेल्यांत होते. हे झालेलं आहे, याबद्दल शंका ठेवू नका. १९९९ ला मारिबोरजवळ तेझ्नोला महामार्गाचं काम चालू असताना खंदकाच्या एका तुकड्यात ११७९ सांगाडे निघाले. २००९ ला हुदा यामाच्या खाणीत, भिंतींमागे भिंती बांधून बुजवलेल्या बोगद्यात, शेकडो प्रेतं सापडली. स्लोव्हेनियात अशी सहाशेच्या वर ठिकाणं नोंदलेली आहेत. झेर्याविचच्या हिशोबाने क्रोएट आणि मुसलमान मिळून पन्नास हजारांच्या आसपास. परदेशातल्या क्रोएट संघटना मात्र दोन लाख, अडीच लाख सांगत राहिल्या, म्हणजे तिकडचं यासेनोव्हात्स जसं फुगलं तसंच इकडचं ब्लायबुर्ग, आणि कारणही तसंच, पडताळायला उघड नोंद नव्हती, इथे तर पंचेचाळीस वर्षं बोलायचीच बंदी होती.

चेटनिकांचंही तसंच. पूर्व बोस्नियातल्या फोचा, चायनिचे आणि शेजारच्या सांजाक भागात त्यांनी मुसलमान गावं जाळली. पाव्ले जुरिशिच या त्यांच्या कमांडरचा १३ फेब्रुवारी १९४३ चा स्वतःचा रिपोर्ट आहे, त्यात तो अभिमानाने लिहितो की सुमारे १२०० लढवय्ये आणि ८००० इतर, म्हणजे बायका, म्हातारे, मुलं मारली. हे बोस्नियाच्या मुसलमान घरांत लक्षात होतं, जाहीर बोललं जात नव्हतं. आणि २०१५ मध्ये सर्बियात बेलग्रेडच्या कोर्टाने चेटनिकांचा प्रमुख द्राझा मिहाइलोविच याची १९४६ ची शिक्षा रद्द केली. तो १९४६ चा खटला राजकीय होता हे खरंच आहे, पण रद्द झाल्याचा अर्थ रस्त्यावर काय लावला गेला ते फोचातल्या माणसाला विचारा.

१९८० ला टिटो गेला, नंतर बंदी सैल झाली आणि सगळं एकदम वर आलं. हाडं उकरून काढली, अंत्ययात्रा टीव्हीवर दाखवल्या. बेलग्रेडच्या वृत्तपत्रांत यासेनोव्हात्स सात लाखांवरून दहा लाखांपर्यंत चढलं. झाग्रेबमध्ये फ्रान्यो तुजमान, जो एकेकाळी पार्टिझान होता आणि नंतर इतिहासकार, त्याने तीस-चाळीस हजार सांगितलं, आणि तोच १९९० ला राष्ट्राध्यक्ष झाला. क्रोएशियातल्या सर्बांना दिसलं की आपल्या मेलेल्यांची संख्या अर्ध्याहून कमी सांगणारा माणूस सत्तेत आहे, सरकारी नोकऱ्यांतून सर्बांना काढतायत, आणि बेलग्रेडचा टीव्ही रात्रंदिवस सांगतोय की उस्ताशा परत आले. १९९१ च्या युद्धाची कारणं अनेक होती, सत्ता, लष्कर, पैसा. पण सामान्य शेतकऱ्याने बंदूक उचलावी यासाठी जी भीती लागते ती या आकड्यांतून भरली गेली याबद्दल मला शंका नाही. १९९२ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे गेली तेव्हा तिचे पहिले प्रमुख आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, वर्षभर त्यांनी ते काम बघितलं, आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत असतं.

यासेनोव्हात्स गावही त्या लढाईत सापडलं. म्युझियममधल्या वस्तू बोस्नियात नेल्या गेल्या, तिथून वॉशिंग्टनला, आणि २००१ ला परत आल्या. छावणीची जागा आता दोन देशांत आहे. सावाच्या एका काठावर क्रोएशिया, तिथे वास्तुविशारद बोगदान बोगदानोविचचं १९६६ चं ‘दगडी फूल’ नावाचं स्मारक आणि ८३,१४५ नावांची यादी. दुसऱ्या काठावर दोन्या ग्रादिना, बोस्निया देशातलाच ‘सर्ब प्रजासत्ताक’ नावाचा स्वायत्त भाग, तिथे फलक: सात लाख, पैकी पाच लाख सर्ब. क्रोएशियाच्या म्युझियमने २००६ ला नवं प्रदर्शन केलं, काचेवर नावं लटकवली, तेव्हा ज्यू आणि सर्ब संघटना म्हणाल्या की मेलेल्यांची नावं आहेत पण मारणाऱ्यांचं पुरेसं सांगितलं नाही, आणि मला ती तक्रार पटते. २०१६ ला तर उस्ताशांची घोषणा असलेली पाटी यासेनोव्हात्स गावात लावली गेली, दहा महिन्यांनी हलवली. काही वर्षं सरकारी कार्यक्रम वेगळा, ज्यूंचा वेगळा, सर्बांचा वेगळा असं चाललं.

उलट बोस्नियाच्या १९९२-९५ च्या युद्धात काम चांगलं झालं. आधी दोन ते अडीच लाख मृत असं सगळीकडे छापलं जायचं. सारायेव्होत मिरसाद तोकाचा आणि त्याच्या टीमने एकेक नाव गोळा केलं, सर्व बाजूंचं, आणि ९५,९४० वर आले: ६२,०१३ बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुसलमान), २४,९५३ सर्ब, ८,४०३ क्रोएट, ५७१ इतर. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयासाठी काम करणाऱ्या लोकसंख्यातज्ज्ञांचा अंदाज १ लाख ४ हजारांच्या जवळ. तोकाचाला त्याच्याच लोकांनी आकडा कमी केला म्हणून बोल लावले. पण त्या यादीमुळेच आज कोणी सर्व बाजूंनी सारखंच मेलं म्हणालं तर लगेच दाखवता येतं, मारल्या गेलेल्या सामान्य नागरिकांत बोस्नियाक फार मोठ्या प्रमाणात होते. स्रेब्रेनित्साला १९९५ मध्ये सर्ब सैन्याने मारलेल्या सुमारे आठ हजार बोस्नियाक पुरुष आणि मुलग्यांपैकी बहुतेक डीएनएने ओळखले गेले म्हणून तिथे संख्येचा वाद टिकत नाही, नाकारणारे आता वेगळ्या शब्दांत नाकारतात.

तर कमी आकडा सांगणारा मारेकऱ्यांच्या बाजूचा का, या प्रश्नाचं उत्तर मी असं देईन. तो कशावरून सांगतोय ते विचारा. कोचोविचही कमीच सांगत होता आणि तो सर्ब होता. पण हल्ली एक गट आहे जो म्हणतो यासेनोव्हात्स ही नुसती मजुरांची छावणी होती, खरी कत्तल तिथे १९४५ नंतर कम्युनिस्टांनी केली. याला पुरावा नाही. हे लोक ८३ हजारांच्या यादीतल्या दहा-वीस चुका काढतात आणि सगळी यादी खोटी म्हणतात, वीस हजार मुलांबद्दल विचारलं की विषय ब्लायबुर्गवर नेतात. आणि दुसरीकडचा सात लाखवाला स्रेब्रेनित्सा विचारलं की यासेनोव्हात्सवर येतो. विषय बदलला की समजायचं.

तुम्हाला लेखात किंवा प्रोजेक्टमध्ये लिहायचं असेल तर असं लिहा: युगोस्लाव्हियाचे एकूण मृत्यू सुमारे १० लाख, यासेनोव्हात्स ८० हजार ते १ लाख, त्यातली ८३,१४५ नावं माहीत, आणि छावणीबाहेर गावांत मारलेले सर्ब वेगळे, ते यासेनोव्हात्सपेक्षा जास्त आहेत, हे बहुतेकजण विसरतात. ब्लायबुर्ग आणि नंतरच्या पायपिटीत पन्नास हजारांच्या आसपास, कैदी आणि नागरिक दोन्ही. सात लाख आणि अडीच लाख हे आकडे द्यायचेच असतील तर ते कोणी, कधी, कशासाठी सांगितले ते सोबत लिहा. रोमा लोकांचा आकडा लिहिताना ‘किमान’ हा शब्द घाला.